यंत्रातला आकडा आणि बाटलीतलं पाणी: सूक्ष्म मूलद्रव्यांच्या मोजणीवर वाचकांचे प्रश्न

पाणी, माती आणि खडक यांतली सूक्ष्म मूलद्रव्यं कशी मोजतात, यावर वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं या अंकात देत आहोत. बाटली, चाळणी, दळणं, आम्ल यांवर आम्ही बराच वेळ घालवला आहे. तो मुद्दाम घालवला आहे, कारण बहुतेक आकडे यंत्रापाशी पोचण्याआधीच बिघडलेले असतात. एककांचं एवढं लक्षात ठेवा: १ पीपीएम म्हणजे किलोला १ मिलिग्रॅम, पीपीबी त्याचा हजारावा भाग. गोड्या पाण्यात १ पीपीबी म्हणजे लिटरला १ मायक्रोग्रॅम.

प्रश्न: आमचं गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आहे. बोअरचं पाणी दोन प्रयोगशाळांत तपासून घेतलं. एकीनं आर्सेनिक लिटरला १४ मायक्रोग्रॅम सांगितलं, दुसरीनं २. मर्यादा १० ची आहे. खरं कोणाचं मानायचं? (वाचक, अकोला जिल्हा)

दोन्ही आकडे चुकलेले असू शकतात, तेही उलट दिशांनी. म्हणून आधी दोन्ही ठिकाणी पद्धत कोणती वापरली ते विचारा.

पहिली तपासणी आयसीपी-एमएसवर (अतितप्त ज्योतीत नमुन्याचे आयन करून ते मोजणाऱ्या यंत्रावर) झाली असेल तर संशय क्लोराइडवर जातो. हे यंत्र आयन वस्तुमानानं ओळखतं आणि आर्सेनिकचा एकच समस्थानिक आहे, ७५ चा. यंत्राची ज्योत आरगॉनची असते. आरगॉन ४० आणि पाण्यातला क्लोरीन ३५ एकत्र आले की तेही ७५ च भरतं, आणि यंत्र ते आर्सेनिकच्या खात्यात जमा करतं. खारपाणपट्ट्यातल्या पाण्यात क्लोराइड भरपूर असतं, त्यामुळे लिटरला काही मायक्रोग्रॅमची खोटी भर सहज पडते. नमुन्यात नायट्रिकऐवजी हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं असेल तर आणखी. यावर उपाय म्हणजे हेलियम भरलेली कोलिजन सेल. आरगॉन-क्लोराइड हा दोन अणूंचा, आकारानं मोठा आयन हेलियमशी जास्त टकरा खातो, त्याची ऊर्जा घटते आणि पुढच्या अडथळ्यापाशी तो अडतो. आर्सेनिकचा सुटा अणू पार होतो. म्हणून पहिल्या प्रयोगशाळेला सरळ विचारा: ‘आर्सेनिक हेलियम मोडमध्ये मोजलं का?’

दुसरी तपासणी हायड्राइड पद्धतीच्या एएएसवर (अणूंनी किती प्रकाश शोषला त्यावरून मोजणाऱ्या यंत्रावर) झाली असेल तर गफलत वेगळी. या पद्धतीत आर्सेनिकचा वायू करून तो १९३.७ नॅनोमीटरवर मोजतात. पाण्यात आर्सेनिक तीन संयुजेचं असतं किंवा पाच संयुजेचं, आणि पाचवालं वायूत सावकाश जातं. त्यामुळे आधी पोटॅशियम आयोडाइड आणि ॲस्कॉर्बिक आम्ल घालून, हायड्रोक्लोरिक आम्लाच्या विद्रावात पाऊण तास ठेवून, सगळं तीन संयुजेचं करून घ्यावं लागतं. ही पायरी गाळली किंवा घाईनं उरकली की आकडा कमी येतो.

तिसऱ्यांदा नमुना पाठवाल तेव्हा तो असा घ्या. टाकीतून नको, बोअरच्या तोंडाशी घ्या. पंप दहा-पंधरा मिनिटं चालू द्या, पाण्याचं तापमान आणि वाहकता स्थिर झाली की बाटली भरा. बाटली एचडीपीई प्लास्टिकची, १०० मिलिलिटरची, एक दिवस १० टक्के नायट्रिक आम्लात भिजवून डीआयोनाइज्ड (आयन काढून टाकलेल्या) पाण्यानं धुतलेली असावी. भरल्याबरोबर जागेवरच अतिशुद्ध नायट्रिक आम्ल अर्धा मिलिलिटर घाला, पीएच २ च्या खाली गेला पाहिजे. पीएचची पट्टी बाटलीत बुडवू नका, दोन थेंब पट्टीवर टाका.

जागेवरच आम्ल घालायचं कारण लोह. जमिनीखालचं पाणी उपसताना स्वच्छ दिसतं, पण हवा लागली की त्यातलं लोह गंजासारखं तांबूस होऊन तळाशी बसतं आणि आर्सेनिक स्वतःला चिकटवून घेतं. प्रयोगशाळेत वरचं नितळ पाणी मोजलं की आर्सेनिक गायब. गाळायचं की नाही, हे कशासाठी मोजताय त्यावर ठरतं. पाणी पिण्यायोग्य आहे का हे पाहायचं असेल तर न गाळलेलं द्या, कारण लोक न गाळताच पितात. भूजलाच्या रसायनाचा अभ्यास असेल तर ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेलं, पहिले वीसेक मिलिलिटर टाकून दिलेलं, आणि आम्ल गाळल्यानंतर घातलेलं पाहिजे. बरोबर एक बाटली डीआयोनाइज्ड पाण्याची घेऊन जा, बोअरपाशी उघडून तिच्यात तेवढंच आम्ल घाला आणि तीही तपासायला द्या. तिच्यात आर्सेनिक सापडलं तर दोष बाटलीत किंवा आम्लात आहे.

फ्लोराइडसाठी मात्र वेगळी प्लास्टिकची बाटली, बिनआम्लाची. आम्लात फ्लोराइडचं हायड्रोफ्लोरिक आम्ल बनतं आणि इलेक्ट्रोडला ते दिसत नाही.

आणखी एक गोष्ट प्रयोगशाळेला सांगा: पाणी खारं आहे. आयसीपी-एमएसला विरघळलेले क्षार ०.२ टक्क्यांच्या वर, म्हणजे लिटरला दोन ग्रॅमच्या वर सोसत नाहीत. त्यापेक्षा खारं पाणी पाच ते दहा पट पातळ करूनच आत सोडावं लागतं.

प्रश्न: एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी सह्याद्रीतल्या बेसॉल्टचे नमुने आयसीपी-एमएसवर मोजतो आहे. ५० मिलिग्रॅम भुकटी हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक आम्लात घातली तरी तळाशी पांढरा गाळ उरतो. बीएचव्हीओ-२ या प्रमाण खडकात (ज्यातले आकडे आधीच ठाऊक असतात) लँथॅनम आणि स्ट्रॉन्शियम कमी येतं. माझ्या नमुन्यांत टंगस्टन मात्र भलतंच जास्त आहे. (विद्यार्थी, पुणे)

हे दोन स्वतंत्र दोष आहेत. टंगस्टनपासून सुरुवात करू, कारण त्याला आता इलाज नाही. तुमची भुकटी टंगस्टन कार्बाइडच्या मिलमध्ये झाली आहे. त्या भांड्याचे कण नमुन्यात उतरतात. टंगस्टनबरोबर कोबाल्टही येतं, कारण कार्बाइडचे कण कोबाल्टनं बांधलेले असतात, आणि बरेचदा टँटॅलमही. ही तीन मूलद्रव्यं या भुकट्यांपुरती प्रबंधातून वगळा आणि का वगळली ते लिहा. क्रोम-स्टीलची मिल वापरली असती तर क्रोमियमवर पाणी सोडावं लागलं असतं. सूक्ष्म मूलद्रव्यांसाठी अकीकाचं भांडं सगळ्यांत सुरक्षित. ते सावकाश दळतं, पण त्यातून मुख्यतः सिलिका येते आणि बेसॉल्टमध्ये ती आधीच निम्मी आहे. दळताना मिसळलेलं नंतर काढता येत नाही, हे प्रमाण खडकांनाही चुकलेलं नाही. कोलंबिया नदीच्या बेसॉल्टपासून केलेल्या बीसीआर-२ मध्ये मॉलिब्डेनम २५० पीपीएमच्या आसपास आहे. साध्या बेसॉल्टमध्ये ते एक-दोन पीपीएमच्या पलीकडे क्वचित जातं. ते खडकातलं नाही, भुकटी तयार करताना मिसळलं गेलं आहे.

दळण्याआधीचं कामही तितकंच महत्त्वाचं. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये पोकळ्या भरणारी झिओलाइटं आणि कॅल्साइट जागोजाग असतात. ह्यूलँडाइट या झिओलाइटचा बारीकसा पांढरा ठिपका भुकटीत गेला तरी स्ट्रॉन्शियम आणि बेरियम हलतं. खडक फोडून मटार-दाण्याएवढे तुकडे करा, भिंगाखाली निवडा, पांढरा किंवा हिरवा डाग असलेले आणि हातोड्याची खूण असलेले तुकडे टाकून द्या. उरलेले डीआयोनाइज्ड पाण्यात अल्ट्रासॉनिकमध्ये धुवा, वाळवा, मगच दळा. दोन नमुन्यांच्या मध्ये शुद्ध क्वार्ट्झची वाळू दळून टाका, आणि पुढच्या नमुन्याचा पहिला घासही टाकून द्या. भुकटी ७५ मायक्रॉनच्या खाली गेली पाहिजे.

आता पांढरा गाळ. तो न विरघळलेला खडक नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमची फ्लोराइडं नव्यानं तयार झाली आहेत. लँथॅनमपासूनची दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं, स्ट्रॉन्शियम आणि थोरियम त्यांत अडकतात. झिर्कोनियम आणि निओबियम विद्रावात राहतात, म्हणून ते बरोबर येतात आणि लँथॅनम कमी. तुमच्या आकड्यांचा नकाशा नेमका हाच दिसतो आहे. बहुधा सुकवताना भांडं तापून कोरडं ठाक झालं असेल. फ्लोराइड एकदा भाजलं गेलं की सहजी विरघळत नाही.

पुढच्या खेपेला असं करा. १०५ अंशावर दोन तास वाळवलेली भुकटी ५० मिलिग्रॅम पीएफए टेफ्लॉनच्या झाकणवाल्या भांड्यात तोला. स्थिर विजेनं भुकटी कडेला उडते, त्यासाठी दोन-तीन थेंब पाणी घालून ती ओली करा. १ मिलिलिटर नायट्रिक, मग २ मिलिलिटर हायड्रोफ्लोरिक आम्ल घाला, झाकण घट्ट लावा आणि १२० अंशाच्या हॉटप्लेटवर ४८ तास ठेवा. उघडून १०० अंशाच्या आसपास सुकवा, पण तळाशी ओलसर थेंब दिसतोय तेवढ्यातच थांबवा. १ मिलिलिटर दाट नायट्रिक घालून परत तसंच सुकवा, आणि हे दोनदा करा. या पायऱ्यांनी फ्लोराइड मोडतात आणि उरलेलं हायड्रोफ्लोरिक निघून जातं. मग १:१ नायट्रिक ५ मिलिलिटर घालून, झाकण लावून रात्रभर १२० अंशावर ठेवा. सकाळी विद्राव काचेसारखा नितळ दिसला पाहिजे. नसेल तर ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिकची एक फेरी द्या, ती सुकवून परत नायट्रिकमध्ये आणा. तरीही गाळ राहिला तर भुकटी ५० ऐवजी २५ मिलिग्रॅम घ्या. अखेरीस २ टक्के नायट्रिकनं ५० मिलिलिटर करा, जमलं तर वजनानं. हे हजार पट डायल्यूशन झालं, क्षार ०.१ टक्क्याच्या आत राहतात. अंतर्गत स्टँडर्ड म्हणून (यंत्राचा चढउतार दुरुस्त करायला) ऱ्होडियम आणि ऱ्हेनियम १० पीपीबी घाला. स्कँडियम किंवा इट्रियम घेऊ नका, ते बेसॉल्टमध्ये मुळातच आहे. निओबियम आणि टँटॅलम मोजायचं असेल तर विद्राव आठवडाभर ठेवू नका, नुसत्या पातळ नायट्रिकमध्ये ते भिंतीला धरतात.

बीएचव्हीओ-२ मध्ये लँथॅनम १५.२, स्ट्रॉन्शियम ३९५ च्या आसपास, झिर्कोनियम १७० च्या आसपास पीपीएम यायला हवं, पाच टक्क्यांच्या आत. आकडे कसे चुकतात त्यावरून कारण सांगता येतं. लँथॅनम, स्ट्रॉन्शियम, थोरियम एकत्र कमी आणि झिर्कोनियम बरोबर, तर फ्लोराइड. झिर्कोनियम, हॅफ्नियम आणि जड दुर्मीळ मृदा कमी, तर झिरकॉन हे खनिज विरघळलेलं नाही. बेसॉल्टमध्ये हे सहसा होत नाही, ग्रॅनाइटमध्ये हमखास होतं. सगळंच सारख्या टक्क्यानं कमी, तर वजन, आकारमान किंवा अंतर्गत स्टँडर्ड तपासा. तळाशी काळे चमकदार कण दिसले तर ते क्रोमाइट (क्रोमियमचं खनिज) असण्याची शक्यता मोठी, आणि मग क्रोमियमचा आकडा धरू नका.

प्रत्येक फेरीत किमान दोन ब्लँक पाहिजेत: तीच भांडी, तीच आम्लं, तेवढाच वेळ, फक्त भुकटी नाही. शिशाच्या बाबतीत यात कंजुषी नको. ब्लँकमध्ये शिसं ०.०५ पीपीबी निघालं तर हजार पटीनं खडकात ०.०५ पीपीएम होतं. बीएचव्हीओ-२ मधलं शिसं १.६ पीपीएमच्या आसपास आहे, म्हणजे ब्लँकनं तीन टक्के खाल्ले. पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं ठरवणाऱ्या क्लेअर पॅटरसनला हाच त्रास होता. त्याच्या प्रयोगशाळेत हवेतून, भांड्यांतून, आम्लांतून शिसं येत होतं आणि ते रोखण्यातच त्याची बरीच वर्षं गेली. १९५६ चा तो आकडा स्वच्छ भांड्यांवर उभा आहे.

प्रश्न: हायड्रोफ्लोरिक आम्लाची इतकी धास्ती का? सल्फ्युरिकही भाजतंच. (प्रयोगशाळा सहायक, नागपूर)

सल्फ्युरिक लगेच भाजतं, म्हणून माणूस लगेच हात धुतो. पातळ हायड्रोफ्लोरिक त्वचेवर पडलं तर कित्येकदा तासन्‌तास काहीच वाटत नाही. तोवर फ्लोराइड आत झिरपून ऊतींतल्या कॅल्शियमला धरतं. दाट आम्लाचा तळहाताएवढा भागसुद्धा रक्तातलं कॅल्शियम उतरवून हृदयाचे ठोके बिघडवू शकतो. म्हणून काम सुरू करण्याआधी २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी आहे का आणि तिची मुदत संपली नाही ना, ते बघा. जेल नसेल तर बाटली उघडू नका.

आम्ल उडालं तर कपडे आणि मोजे काढून पाच मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा, मग जेल चोळत राहा आणि चोळतच रुग्णालयात जा. डॉक्टरांना ‘हायड्रोफ्लोरिक’ हे नाव स्पष्ट सांगा, नुसतं ‘ॲसिड’ म्हणू नका. डोळ्यात गेलं तर फक्त पाणी, जेल नाही. एकट्यानं हे काम कधीही करू नका. काचेचं पिपेट किंवा चंचुपात्र जवळ नको, कारण हे आम्ल काच खातं. विद्रावात ते उरलं असेल तर यंत्राचं काचेचं नेब्युलायझर (विद्रावाचे तुषार करणारा भाग) आणि ज्योतीची क्वार्ट्झची नळी, म्हणजे टॉर्चही झिजते.

प्रश्न: सिंधुदुर्गातल्या एका ग्रॅनाइटमध्ये मला युरोपियमची धन विसंगती (शेजारच्या दुर्मीळ मृदांच्या मानानं जास्त युरोपियम) मिळाली. मार्गदर्शक म्हणतात, यंत्राची चूक असेल. ते कसं तपासायचं? (संशोधक विद्यार्थिनी, पणजी)

तुमच्या मार्गदर्शकांचा संशय रास्त आहे. बेरियम हाताशी घ्या. आरगॉनच्या ज्योतीत बेरियमचा थोडा भाग ऑक्सिजनशी जुळतो: १३५ अधिक १६ म्हणजे १५१, १३७ अधिक १६ म्हणजे १५३. युरोपियमचे दोनच समस्थानिक आहेत, १५१ आणि १५३. दोन्हींवर बेरियम ऑक्साइड बसतं.

किती बसतं ते पाहू. ग्रॅनाइटमध्ये बेरियम १२०० पीपीएम आणि युरोपियम १ पीपीएम धरा. बेरियमचा ०.१ टक्का ऑक्साइड होतोय असं समजू. बेरियम १३७ चा वाटा ११.२ टक्के, म्हणजे १५३ वर सुमारे ०.१३ पीपीएमइतका अडथळा. युरोपियम १५३ चा वाटा ५२ टक्के, त्यानं भागलं की खोटं युरोपियम पाव पीपीएमच्या वर भरतं. म्हणजे खऱ्या आकड्यात पंचवीस टक्क्यांहून जास्त भर, आणि एवढ्यावर आलेखात विसंगती उभी राहते. १५१ वर हीच भर ०.१७ पीपीएमच्या आसपास, कारण बेरियम १३५ कमी आहे. म्हणून युरोपियम १५१ वर मोजणं बरं.

तपासायचं असं: १ पीपीएम बेरियमचा शुद्ध विद्राव यंत्रात सोडा आणि १५१ व १५३ वर किती मोजणी येते ते पाहा. त्या गुणोत्तरानं प्रत्येक नमुन्यातून वजावट करा, आणि दोन्ही समस्थानिकांवरून येणारं युरोपियम जुळतं का ते बघा. जुळलं तर दुरुस्ती बरोबर. जुळलं नाही तर विसंगतीवर एक ओळही लिहू नका. बेरियमचा विद्राव त्याच दिवशी, त्याच ट्यूनिंगवर चालवा, कारण ऑक्साइडचं प्रमाण दररोज वेगळं असतं. सेरियम ऑक्साइड आणि सेरियमचं गुणोत्तर १.५ टक्क्यांच्या खाली आणल्याशिवाय दुर्मीळ मृदांचं मोजमाप सुरू करूच नये. ते वर गेलं असेल तर नेब्युलायझरचा वायू थोडा कमी करा आणि स्प्रे चेंबर २ अंशावर ठेवा. तेवढ्यानं बहुधा उतरतं. गॅडोलिनियमवरही असाच डोळा ठेवा, प्रासिओडायमियमचं ऑक्साइड १५७ वर येतं.

प्रश्न: आमच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत डीटीपीए पद्धतीनं (या रसायनानं मातीतून ओढून काढून) जस्त मोजतो. काही दिवस सगळ्याच नमुन्यांत जस्त पुरेसं दिसतं, अगदी जिथं पिकावर कमतरता डोळ्यांना दिसते तिथंही. (तंत्रज्ञ, अहिल्यानगर जिल्हा)

‘काही दिवस’ हा धागा पकडा. त्या दिवसांत काय वेगळं होतं ते शोधा: नवी बुचं, नवे हातमोजे, नवं गाळणीचं कागद. रबरी बुचात जस्ताचं ऑक्साइड असतं, आणि दोन तास हलवताना डीटीपीए ते बाहेर ओढतं, कारण जस्त धरून ठेवणं हाच त्याचा गुणधर्म आहे. बुचं पॉलिथिनची घ्या. पावडर लावलेले हातमोजेही जस्त देतात. शेतातून माती आणताना जीआयची बादली किंवा जस्ताचा मुलामा असलेलं घमेलं वापरलं गेलं का, आणि माती पितळी चाळणीतून चाळली का, तेही विचारा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्तच. प्लास्टिकची बादली, लाकडी हातोडी, नायलॉनची २ मिलिमीटरची चाळणी हवी.

पद्धत लिंडसे आणि नॉर्व्हेल यांची, १९७८ ची: ०.००५ मोलर डीटीपीए, ०.०१ मोलर कॅल्शियम क्लोराइड, ०.१ मोलर ट्रायइथेनॉलअमिन, पीएच ७.३. १० ग्रॅम मातीला २० मिलिलिटर, १२० मिनिटं हलवणं. हा वेळ घड्याळ लावूनच पाळा. हे संपूर्ण विरघळवणं नाही. अडीच तास हलवलं तर जास्त निघतं, तापमान वाढलं तरी जास्त निघतं. जस्ताची ०.६ पीपीएम ही सीमा ठरली ती याच वेळेला आणि याच पीएचला. पीएच ७.३ च्या खाली गेला तर चुनखडीच्या जमिनीतून नको तेवढं विरघळतं. माती सावलीत वाळवा, ओव्हनमध्ये नाही, विशेषतः लोहही मोजायचं असेल तर. दर वीस नमुन्यांमागे मातीशिवाय एक ब्लँक, त्याच बाटलीत, त्याच बुचाखाली. ब्लँकमध्ये जस्त २१३.९ नॅनोमीटरवर दिसलं की त्या दिवसाचे सगळे अहवाल थांबवा. शेतकरी त्या कागदावर झिंक सल्फेट टाकायचं की नाही ते ठरवतो.

प्रश्न: औद्योगिक वसाहतीजवळच्या काळ्या मातीत क्रोमियम १५० आणि तांबं १२० पीपीएम निघालं. हे प्रदूषण म्हणायचं का? (पर्यावरण कार्यकर्ता, छत्रपती संभाजीनगर)

एवढ्यावरून म्हणता येत नाही. तुमची काळी माती बेसॉल्ट झिजून झाली आहे. पृथ्वीच्या वरच्या भूकवचात तांबं सरासरी २८ पीपीएम आहे, दख्खनच्या बेसॉल्टमध्ये ते बहुतेक ठिकाणी शंभरच्या वर. क्रोमियम, निकेल, व्हॅनेडियमही तिथे मुळात जास्त. जगाच्या सरासरीशी तुलना केली तर अर्धा मराठवाडा प्रदूषित ठरेल आणि खरोखर दूषित कोपरा त्यात हरवून जाईल, ही आमची खरी काळजी आहे.

तुलना स्थानिक ठेवा. त्याच जागी मीटरभर खोलीवरची माती, आणि त्याच खडकावरची पण कारखान्यांपासून दूर, उंचावरची माती घ्या. नुसते पीपीएम न पाहता टायटॅनियमशी गुणोत्तर काढा. टायटॅनियम कारखान्यातून सहसा येत नाही आणि मातीत फारसं हलत नाही. क्रोमियम आणि टायटॅनियमचं गुणोत्तर वरच्या थरात खालच्यापेक्षा दोन-तीन पट असेल तर बाहेरून काही पडलं आहे.

शिवाय अहवालात आम्ल कोणतं ते बघा. ॲक्वा रेजियानं (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिकच्या मिश्रणानं) क्रोमाइट विरघळत नाही, हायड्रोफ्लोरिकनंही नीट नाही. एका प्रयोगशाळेचा ॲक्वा रेजियाचा आकडा आणि दुसरीचा एक्सआरएफचा (क्ष-किरणांनी, न विरघळवता मोजलेला) आकडा शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नका. आरोग्याचा प्रश्न असेल तर एकूण क्रोमियम फार काही सांगत नाही. सहा संयुजेचं क्रोमियम वेगळं मोजून घ्या. त्यासाठी आम्ल नव्हे, अल्कलीतला अर्क लागतो, आणि डायफिनाइलकार्बझाइड घालून ५४० नॅनोमीटरवर मोजतात. आम्लात घातलं की मातीतल्या सेंद्रिय पदार्थांमुळे त्याचं तीन संयुजेचं होऊन जातं.

प्रश्न: हातात धरायच्या एक्सआरएफ बंदुकीनं भंगार बाजारातली माती तपासली. शिसं आहे तिथं आर्सेनिकही दाखवते. खरं आहे का? (वाचक, मुंबई)

शिसं शेकड्यांनी पीपीएम असेल तर तो आर्सेनिकचा आकडा धरू नका. आर्सेनिकची मुख्य क्ष-किरण रेषा १०.५४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला आणि शिशाची १०.५५ ला. बंदुकीला त्या वेगळ्या दिसत नाहीत. शिसं त्याच्या १२.६ च्या रेषेवरून मोजतात आणि आर्सेनिक वजाबाकीनं काढतात, म्हणून शिसं जास्त असलं की आर्सेनिकमधली अनिश्चितता फुगते. ओली माती सगळेच आकडे कमी दाखवते. वाळवून, चाळून, पातळ फिल्मच्या कपात सेंटिमीटरभर जाड भरून मोजा, आणि दर दहांतला एक नमुना प्रयोगशाळेत पाठवा.

प्रश्न: अहवालात ‘बीडीएल’ लिहिलेलं असतं. सरासरी काढताना शून्य धरू का? (शिक्षक, सांगली)

शून्य धरू नका. बीडीएल म्हणजे ‘मोजता येईल त्याच्या खाली’. ती सीमा प्रयोगशाळेनुसार वेगळी असते: दहा ब्लँक मोजायचे, त्यांच्या प्रमाण विचलनाची तिप्पट म्हणजे शोधसीमा, दसपट म्हणजे भरवशानं आकडा देण्याची सीमा. अहवालात ती संख्या मागून घ्या. कॅडमियमची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ०.००३ मिलिग्रॅम आहे. ज्या प्रयोगशाळेची शोधसीमा ०.०१ आहे, तिच्या ‘बीडीएल’नं काहीच सिद्ध होत नाही. निम्म्याहून अधिक नमुने बीडीएल असतील तर सरासरी देऊच नका. किती नमुने सीमेच्या वर होते तेवढं सांगा.

प्रश्न: लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात डायनासोरच्या अंताच्या काळातलं इरिडियम (उल्कांमध्ये जास्त असलेला दुर्मीळ धातू) शोधता येईल का? आमच्या महाविद्यालयाजवळ असा गाळ उघडा पडला आहे. (भूविज्ञान विभाग, चंद्रपूर जिल्हा)

दख्खनच्या प्रदेशात कच्छमधल्या अंजार इथे अशाच आंतरस्तरीय गाळात इरिडियमचे थर सापडले आहेत, तेव्हा शोध वेडगळ नाही. पण नेहमीच्या पद्धतीनं हात घालू नका.

१९८० मध्ये लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ, फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी इटलीतल्या गुब्बिओच्या चिकणमातीत इरिडियम सुमारे ९ पीपीबी दाखवलं, आजूबाजूला ०.३ च्या आसपास. ते त्यांनी न्यूट्रॉन सक्रियणानं मोजलं. अणुभट्टीत नमुना ठेवला की इरिडियम १९१ चं १९२ होतं, त्याचं अर्धायुष्य ७४ दिवसांचं. सोडियमसारखी अल्पायुषी मूलद्रव्यं विझेपर्यंत काही आठवडे थांबायचं आणि मग ३१६ आणि ४६८ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण मोजायचे.

आयसीपी-एमएसवर अडचण हॅफ्नियमची. १७७ अधिक १६ म्हणजे १९३, आणि इरिडियमही १९३ वरच. बेसॉल्टच्या मातीत हॅफ्नियम ४ पीपीएम आणि इरिडियम ०.०५ पीपीबी धरा. हजार पट पातळ केल्यावर, हॅफ्नियमचा ०.२ टक्का ऑक्साइड झाला तरी तो खऱ्या इरिडियमच्या चाळीस-पन्नास पट मोठा दिसतो. दुरुस्तीनं एवढं अंतर भरत नाही. हॅफ्नियम रासायनिक रीतीनं वेगळं करावंच लागतं: एक तर निकेल सल्फाइडच्या फायर ॲसेनं (भट्टीत वितळवून), नाहीतर बंद काचनळीत उलट्या, म्हणजे नायट्रिक जास्त असलेल्या ॲक्वा रेजियात, इरिडियम १९१ चा ठरावीक डोस आधी मिसळून आणि मग आयन-विनिमयाच्या स्तंभातून काढून.

इरिडियम नमुन्यात सारखं पसरलेलं नसतं, कणाकणांत असतं. १०० मिलिग्रॅममध्ये एक कण आला तर आकडा उसळतो, नाही आला तर शून्याच्या जवळ बसतो. म्हणून दर खेपेला किमान १० ग्रॅम भुकटी घ्या. गाळाचा थर सेंटिमीटर-सेंटिमीटरनं कापून, प्रत्येक कापाचे तीन वेगळे हिस्से मोजा आणि वरचा-खालचा बेसॉल्टही बरोबर मोजा. सोन्या-प्लॅटिनमची अंगठी, घड्याळ काढून मगच नमुना हाताळा. दागिन्यांतलं प्लॅटिनम बरेचदा इरिडियम मिसळून कठीण केलेलं असतं, आणि अल्वारेझ यांच्याच गटाला अंगठीतून उतरलेल्या इरिडियमनं एकदा चकवलं होतं.